गाणे आपले, दुकान परक्याचे

मुंबईतील काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस' हे संगीताचे जुने दुकान २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा अनेक रसिकांनी हळहळ व्यक्त केली. कॅसेट आणि सीडी विकणारी शहरोशहरीची दुकाने त्याआधीच एकेक करून मिटू लागली होती. ती हळहळ स्वाभाविक होती. मात्र त्याच सुमारास एक जुने बंधनही सैल झाले होते, याकडे फारसे लक्ष गेले नाही. दुकानाच्या फळीवर आपली ध्वनिमुद्रिका मांडली जावी यासाठी कलावंताला पूर्वी कंपनी लागे, वितरक लागे, स्टुडिओचे भाडे भरणारा कोणीतरी लागे. आज पुण्यातल्या किंवा सांगलीतल्या गायिकेने आपल्या घरात एक बरा मायक्रोफोन आणि एक संगणक यांच्या साहाय्याने गाणे मुद्रित केले, तर ते काही दिवसांत टोरांटोतल्या श्रोत्यापर्यंत पोहोचू शकते. दार सर्वांना खुले झाले आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो दारातून आत गेल्यावर पैसा कोणाच्या हाती पडतो, हक्क कोणाकडे राहतात आणि दुकानदाराने दुकान विकले तर गाण्याचे काय होते, याचा.

तीन मिनिटांची तबकडी

ध्वनिमुद्रणाचे तंत्र आणि त्याची विक्रीव्यवस्था या दोहोंनी आपल्या संगीताला नेहमीच आकार दिला आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हा रागाचा विस्तार सुमारे तीन मिनिटांत बसवावा लागला. पुढे कित्येक वर्षे थोरामोठ्या गवयांनी ती मर्यादा पाळली. तंत्राने मर्यादा घातली आणि कंपनीने बाजारपेठ दिली, असा तो व्यवहार होता. एकाच कंपनीचा शिक्का दीर्घकाळ चालला. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्यावर ही मक्तेदारी मोडली. लोकगीते, भीमगीते, अभंग, लावण्या यांना छोटे उत्पादक मिळाले. पुण्यातील 'अलुरकर म्युझिक हाउस'सारख्या संस्थेने शास्त्रीय संगीताच्या मैफली घरोघरी पोहोचवल्या. तरीही कलावंत आणि श्रोता यांच्यामध्ये उत्पादक होताच. कलावंताला बहुतेक वेळा एकरकमी मानधन मिळे आणि नंतर किती प्रती खपल्या, हे त्याला कळण्याचा मार्ग नसे.

इंटरनेटने हे मधले अंतर कमी होईल, अशी आशा निर्माण केली. अमेरिकेत १९९८ मध्ये डेरेक सिव्हर्स या संगीतकाराने स्वतःची सीडी विकण्यासाठी संकेतस्थळ केले. मोठे वितरक दारात उभे करीत नव्हते, म्हणून हा खटाटोप. मित्रांनी आपल्याही सीडी तेथे ठेवण्याची विनंती केली आणि त्यातून 'सीडी बेबी' हे दुकान उभे राहिले. नियम साधे होते. सीडी मांडण्यासाठी एकदाच ३५ डॉलर द्यायचे, प्रत्येक विक्रीमागे दुकानाचे ४ डॉलर, किंमत कलावंताने ठरवायची आणि हिशेब नियमित मिळायचा. कलावंताला कोणी गाणे घेतले हेही कळू लागले, आणि ही बाब पैशाइतकीच मोलाची होती. २००३ मध्ये 'अ‍ॅपल'ने ९९ सेंटला एक गाणे विकणारे 'आयट्यून्स'चे दुकान उघडले, तेव्हा 'सीडी बेबी'ने आपल्या कलावंतांची गाणी तेथेही पोहोचवली आणि येणाऱ्या रकमेवर ९ टक्के दलाली ठेवली.

आपल्याकडचे धाडस

मराठी वाचकाला या कथेतील एक अध्याय अधिक जवळचा वाटावा. गायिका शुभा मुद्गल आणि मुंबईचे तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ मध्येच 'अंडरस्कोअर रेकॉर्ड्स' ही संस्था सुरू केली. कलावंताने स्वतः निर्मिती करावी, हक्क स्वतःकडे ठेवावेत आणि विक्रीसाठी केवळ एक प्रामाणिक मांडव वापरावा, ही त्यामागची भूमिका होती. भारतात त्या वेळी घरोघरी इंटरनेट नव्हते, कार्डाने पैसे भरण्याची सवय नव्हती आणि 'एमपी३' म्हणजे फुकटची सीडी असा सार्वत्रिक समज होता. अशा काळात ख्याल, ठुमरी, तबला यांच्या स्वनिर्मित ध्वनिमुद्रिका ऑनलाइन विकणे हे धाडसच होते. याच मंडळींनी २००९ मध्ये पुण्यात 'बाजा गाजा' हा संगीत महोत्सव भरवला आणि स्वतंत्र कलावंतांच्या प्रश्नांना व्यासपीठ दिले.

भारतात गाणी एकेक करून विकण्याचा मोठ्या भांडवलाचाही प्रयत्न झाला. 'फ्लिपकार्ट'ने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' हे गाण्यांचे ऑनलाइन दुकान उघडले. काही रुपयांना गाणे मिळत होते, निवड मोठी होती. तरीही जून २०१३ मध्ये ते बंद करावे लागले. चोरीच्या प्रती फुकट मिळत असताना आणि छोट्या रकमा ऑनलाइन भरण्याची सोय नसताना ग्राहक पाच-दहा रुपयांसाठी कार्डाचा क्रमांक देईल, ही अपेक्षाच अवास्तव होती. एकगठ्ठा पैसे भरून लाखो गाणी ऐकवणाऱ्या सेवा त्यानंतर आल्या आणि गाणे 'विकत घेणे' ही कल्पनाच आपल्या पिढीच्या मनात पुरती रुजण्याआधी मागे पडली.

तीस सेकंदांचा हिशेब

या सेवांचे अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय स्वतंत्र कलावंताची स्थिती कळत नाही. 'स्पॉटिफाय'सारखी सेवा वर्गणी आणि जाहिरातींतून मिळालेल्या उत्पन्नापैकी ढोबळमानाने दोन-तृतीयांश रक्कम हक्कधारकांना देते. मात्र आपण भरलेली वर्गणी आपण ऐकलेल्या कलावंताला थेट जात नाही. सगळी रक्कम एका हौदात जमा होते आणि एकूण श्रवणसंख्येतील ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे वाटली जाते. म्हणजे एखाद्याने महिनाभर केवळ आपल्या गावच्या भजनी मंडळाच्या चार ध्वनिमुद्रिका ऐकल्या, तरी त्याच्या वर्गणीचा मोठा हिस्सा देशभर गाजणाऱ्या चित्रपटगीतांकडे वळतो.

त्यात भारतीय वर्गणी मुळातच कमी. 'स्पॉटिफाय' फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आले, तेव्हा महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती. त्याच वेळी अमेरिकेत ती ९.९९ डॉलर, म्हणजे सहापट होती. शिवाय आपल्याकडील बहुसंख्य श्रोते वर्गणी न भरता जाहिरातींसह ऐकणारे. साहजिकच भारतातील एका श्रवणाचे मोल पाश्चात्य देशांतील श्रवणाच्या तुलनेत फारच कमी पडते. २०२४ च्या प्रारंभापासून 'स्पॉटिफाय'ने आणखी एक नियम केला: गेल्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला नाही. ही रक्कम कंपनी स्वतःकडे ठेवत नाही, पात्र ठरलेल्या गाण्यांत ती वाटली जाते, हे खरे. परंतु तळाशी असलेल्यांचे चार पैसे काढून वरच्यांच्या पानात वाढले जातात, हेही तितकेच खरे.

शास्त्रीय संगीताच्या दृष्टीने आणखी एक बाब गंभीर आहे आणि तिची चर्चा आपल्याकडे पुरेशी झालेली नाही. या सेवांवर तीस सेकंद ऐकले की एक श्रवण नोंदले जाते. दोन मिनिटांचे गाणे पूर्ण ऐकले तरी एक आणि पन्नास मिनिटांचा विलंबित ख्याल अखेरपर्यंत ऐकला तरी एकच. एका तासात छोटी गाणी ऐकणारा श्रोता वीस-पंचवीस श्रवणांची नोंद करतो. त्याच तासात दरबारी कानडा ऐकणारा श्रोता एका श्रवणावर थांबतो. साहजिकच आलाप वेगळा, विलंबित वेगळे, द्रुत वेगळे असे तुकडे करण्याचा मोह कलावंताला होतो. शंभर वर्षांपूर्वी तबकडीने तीन मिनिटांची चौकट घातली होती; आज हिशेबाच्या यंत्राने तीस सेकंदांची घातली आहे. तेव्हाची मर्यादा निदान तंत्राची होती. आजची मर्यादा केवळ हिशेबनिसाची सोय आहे आणि म्हणूनच ती बदलता येण्यासारखी आहे. 'साउंडक्लाउड'ने २०२१ मध्ये श्रोत्याची रक्कम त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटण्याची पद्धत स्वतंत्र कलावंतांसाठी सुरू केली, यावरून दुसरा मार्ग शक्य आहे हे स्पष्ट होते.

शंभर रुपयांचा श्रोता

या पार्श्वभूमीवर थेट विक्रीची जुनी कल्पना पुन्हा महत्त्वाची ठरते. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'बँडकॅम्प'ने ती जिवंत ठेवली. येथे कलावंत स्वतः गाणी चढवतो, किंमत ठरवतो आणि हवे असल्यास 'याहून अधिक द्या' अशी मुभा श्रोत्याला देतो. डिजिटल विक्रीवर दुकानाची दलाली १५ टक्के, वस्तूंवर १० टक्के. पैसे वळते करण्याचा खर्च वजा जाता सरासरी ८२ टक्के रक्कम कलावंताला मिळते, असे कंपनी सांगते. करोनाच्या साथीत मैफली बंद पडल्या, तेव्हा मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी आपली दलाली सोडून देण्याचा उपक्रम तिने सुरू केला आणि त्यावर जगभरातील अनेक कलावंतांची त्या वर्षीची चूल पेटली.

केवळ हिशेबासाठी एका श्रवणामागे कलावंताच्या हाती दहा पैसे पडतात असे धरू. हजार श्रवणांचे शंभर रुपये झाले. उलट थेट विक्रीत शंभर रुपयांचा अल्बम घेणाऱ्या एकाच श्रोत्याकडून ८२ रुपये येतात. म्हणजे एक ग्राहक आठशेहून अधिक श्रवणांच्या बरोबरीचा झाला. पाचशे ग्राहक मिळाले तर एकेचाळीस हजार रुपये. घरी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा, साथीदारांच्या बिदागीचा खर्च त्यातून निघू शकतो. तेवढेच पैसे श्रवणांतून मिळवायचे तर चार लाखांहून अधिक श्रवणे हवीत. 'हजार खरे चाहते असले तर कलावंत जगू शकतो', हा विचार केव्हिन केली या अमेरिकी लेखकाने २००८ मध्ये मांडला होता. तो सर्वांना जसाच्या तसा लागू पडत नाही. हजार चाहते मिळवणे हेच आयुष्यभराचे काम असते. पण दिशा म्हणून तो योग्य आहे. किंबहुना ती आपल्याला नवी नाही. कौशल इनामदार यांचे मराठी अभिमानगीत २०१० मध्ये शेकडो गायकांच्या सहभागातून आणि लोकवर्गणीतून साकारले, तेव्हा मराठी श्रोत्याने गाण्यासाठी आधी पैसे मोजण्याची तयारी दाखवलीच होती.

दुकान विकले गेले तर?

अर्थात थेट विक्रीचे दुकानही दुसऱ्याचेच असते, याचा विसर पडू नये. गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. नव्वदच्या दशकाअखेर नवख्या कलावंतांचे आशास्थान ठरलेले 'एमपी३ डॉट कॉम' हे संकेतस्थळ खटले आणि विक्रीच्या फेऱ्यांत सापडले आणि २००३ मध्ये त्यावरील गाण्यांचा साठा काढून टाकण्यात आला. 'मायस्पेस'ने सर्व्हर बदलताना २०१५ पूर्वी चढवलेली गाणी गमावल्याचे मार्च २०१९ मध्ये उघड झाले. तो आकडा सुमारे पाच कोटी गाण्यांचा असल्याचा अंदाज तेव्हा व्यक्त झाला. चाहत्यांकडून आगाऊ पैसे जमवून देणारी 'प्लेज म्युझिक' ही कंपनी २०१९ मध्ये बुडाली आणि श्रोत्यांनी विश्वासाने दिलेली रक्कम अनेक कलावंतांपर्यंत पोहोचलीच नाही. ज्या 'सीडी बेबी'पासून ही कथा सुरू झाली, ती संस्थापकाने २००८ मध्ये विकली आणि तिने श्रोत्यांसाठीचे आपले किरकोळ दुकान २०२० मध्ये बंद केले.

'बँडकॅम्प'ही या फेऱ्यातून सुटले नाही. संगणकीय खेळ बनवणाऱ्या 'एपिक गेम्स'ने ते मार्च २०२२ मध्ये विकत घेतले आणि अवघ्या दीड वर्षात, २०२३ च्या शरद ऋतूत, 'साँगट्रॅडर' या कंपनीला विकून टाकले. त्या वेळी सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी जावे लागले. दुकान चालू राहिले. पण त्याचे धोरण उद्या काय असेल, हे ठरवण्यात तेथे गाणी ठेवणाऱ्या कलावंतांना काही आवाज नाही, हे लख्ख झाले. आपल्या देशातही 'विंक' आणि 'रेसो' या श्रवणसेवा २०२४ मध्ये बंद झाल्या. ज्यांनी वर्षानुवर्षे तेथे गाण्यांच्या याद्या जमवल्या, त्या श्रोत्यांचा आणि कलावंतांचा दुवा तुटला.

त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या गाण्यांची भर पडत आहे. आपल्याकडे रोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी १८ टक्के, म्हणजे वीस हजारांहून अधिक, संपूर्णपणे यंत्राने बनवलेली असल्याचे 'डीझर' या फ्रेंच सेवेने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. वाटप एकाच हौदातून होत असेल, तर अशा गाण्यांवर खोटी श्रवणे नोंदवून काढलेला प्रत्येक रुपया माणसाने गायलेल्या गाण्याच्या वाट्यातून जातो.

कायदा काय देतो?

स्वतः ध्वनिमुद्रण करणाऱ्या कलावंताच्या बाजूने आपला कायदा बऱ्यापैकी उभा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रण करण्यासाठी ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली, तो निर्माता त्या ध्वनिमुद्रणाचा प्रथम हक्कधारक. म्हणजे घरच्या खर्चाने गाणे मुद्रित करणारी गायिका स्वतःच निर्माती ठरते. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपट व ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्द-संगीताच्या रॉयल्टीतील गीतकार-संगीतकाराचा समान वाटा अबाधित ठेवला. तो वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था यांखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही. वादक-गायकांच्या सादरीकरणाच्या हक्कांनाही याच दुरुस्तीने बळ दिले. पण याचा दुसरा अर्थ असा, की तबला किंवा संवादिनीची साथ करणाऱ्याशी आधी लेखी बोलणे झाले पाहिजे. 'घरचीच माणसे आहेत' म्हणून टाळलेला कागद पुढे मैत्रीलाच बाधतो.

खरी अडचण आहे ती जुन्या गाण्यांची. स्वतःच्या आवाजात लोकप्रिय भावगीत गाऊन ते विकावे, असे कोणालाही वाटेल. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९६४ मध्ये प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण २०२५ पासून मुक्त झाले. मात्र त्यातील शब्द आणि चाल यांवरील हक्क गीतकार व संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. मूळ गाण्याला पाच वर्षे झाल्यावर त्याची नवी आवृत्ती करण्याचा परवाना कायद्यातील ३१-सी हे कलम देते. पण त्यासाठी दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. कॅसेट कंपन्या नजरेसमोर ठेवून लिहिलेली ही अट घरी गाणाऱ्या कलावंताला कशी झेपणार? विशिष्ट भाषेतील खपाची शक्यता पाहून ही किमान संख्या कमी करता येईल, अशी तरतूद त्याच कलमात आहे. ज्या अपिलीय मंडळाने हे करायचे, ते २०२१ मध्ये बरखास्त होऊन त्याचे अधिकार न्यायालयांकडे गेले. मराठीसाठी ही सवलत मागण्याचा प्रयत्न साहित्य-संगीत क्षेत्रातील संस्थांनी करायला हवा.

पारंपरिक बंदिशींवर असा हक्क कोणाचाच नसतो. तरीही गाणी ओळखणारी स्वयंचलित यंत्रणा एकाच बंदिशीच्या दोन गायकांत गफलत करते आणि स्वतः गायलेल्या ख्यालावर दुसऱ्याच कंपनीचा दावा लागतो. यंत्राला राग कळत नाही. त्याला केवळ साम्य कळते. दाव्याला उत्तर देण्याची जबाबदारी मात्र कलावंतावर येते. मूळ ध्वनिमुद्रणाच्या फायली, तारखा आणि साथीदारांची संमती जपून ठेवणे, हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

मग करायचे काय?

श्रवणसेवांवर बहिष्कार घालणे हे उत्तर नव्हे. नवा श्रोता आज तेथेच भेटतो, तेव्हा कलावंताने तेथे असणे भाग आहे. परंतु सेवेकडे जाहिरातीचा फलक म्हणून पाहावे आणि विक्रीचे गणित वेगळे मांडावे. स्वतःचे साधे संकेतस्थळ, श्रोत्यांच्या संमतीने जपलेली त्यांच्या पत्त्यांची यादी आणि मूळ ध्वनिमुद्रणाच्या दोन ठिकाणी ठेवलेल्या प्रती, एवढे तीन आधार कलावंताच्या हाती असले, तर कोणतेही दुकान बंद पडो, गाणे आणि नाते दोन्ही शाबूत राहतात. मध्यस्थ निवडताना करार किती वर्षांचा, वर्गणी थांबली तर गाणी राहणार की काढली जाणार आणि हक्कांपैकी काय लिहून द्यावे लागते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. 'फ्लाइट'च्या काळात नसलेली एक सोयही आता आहे. २०१६ पासून आलेल्या 'यूपीआय'मुळे पन्नास रुपये थेट कलावंताच्या खात्यात जमा करणे कोणालाही जमते. मैफलीनंतर सीडीच्या टेबलाऐवजी एक चौकोनी संकेतचित्र ठेवले, तरी विक्री होऊ शकते.

जबाबदारी श्रोत्यांचीही आहे. सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटासाठी रांग लावणारा, नाटकाला सहकुटुंब जाणारा मराठी मध्यमवर्ग कलेसाठी पैसे मोजत नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र मुद्रित गाण्यासाठी पैसे मोजायचे असतात, हे तो विसरत चालला आहे. वर्षाकाठी आपण किती गाणी खऱ्या अर्थाने विकत घेतली, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा. महिन्याला एका स्वतंत्र कलावंताचा एक अल्बम घ्यायचे ठरवले, तरी खर्च एका हॉटेलातल्या न्याहारीइतका होतो.

'ऱ्हिदम हाउस' बंद झाले तेव्हा आपण हळहळलो, कारण ते डोळ्यांसमोर बंद झाले. ऑनलाइन दुकाने मिटतात तेव्हा शटर पडल्याचा आवाजही होत नाही. एका सकाळी गाणे तेथे नसते, इतकेच. ज्या गायिकेने घराच्या खिडक्या लावून, पंखा बंद करून, शेजारच्या कुकरची शिट्टी थांबण्याची वाट पाहत आपला यमन मुद्रित केला, तिला हे नको असेल, तर तिने मूळ प्रत जपली पाहिजे आणि आपण ती विकत घेतली पाहिजे.